उतरण्याची जागा

एलीट डेंजरस या अंतराळ-खेळात ग्रहाच्या पृष्ठभागावर उतरणे हे घाईचे काम नाही. ताऱ्यापासून निघालेले यान प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाने येत असते आणि ग्रह नजरेच्या टप्प्यात आला की तो वेग थोडा थोडा आवरता घ्यावा लागतो. वेळेवर आवरला नाही, तर ग्रह बाजूने निसटून जातो आणि मोठा वळसा घेऊन माघारी यावे लागते. मग एका ठरावीक उंचीवर समोरच्या काचेवरील खुणा बदलतात, क्षितिजाशी असलेला कोन दाखवणारी शिडी उमटते, आणि इतका वेळ चेंडूसारखा दिसणारा ग्रह हळूहळू जमीन होऊ लागतो. यानाचे नाक फार खाली झुकवले किंवा फारच वर ठेवले, तर घसरण मोडते आणि यान स्थानकापासून दूर, ओसाड माळावर लटकत राहते. कोन साधला, तर मात्र सेकंदाला अडीच किलोमीटर वेगाने यान थरथरत खाली येते, विवरांच्या कडा झपाट्याने मोठ्या होत जातात, आणि मग एकाएकी सगळे शांत होते. समोर काळोखात दिव्यांचा एक पुंजका असतो.

मी त्या पुंजक्याकडे काही टन माल घेऊन निघाले होते. काम साधेच होते: एका स्थानकावरून उचलायचे, दुसऱ्यावर पोचवायचे, मोबदला घ्यायचा. अशा फेऱ्यांमध्ये स्थानकाचे नाव कोणी वाचत नाही. किती लांब आहे, मोठ्या यानाला जागा आहे का, एवढेच पाहिले जाते. साडेसात किलोमीटरच्या आत आल्यावर मी उतरण्याची परवानगी मागितली, नियंत्रण कक्षाने पॅडचा क्रमांक सांगितला, आणि उतरण्यासाठी मिळणाऱ्या दहा मिनिटांचे घड्याळ उलटे धावू लागले. पॅड शोधत मी स्थानकावरून एक चक्कर मारली आणि त्या चक्करीत, यादीतल्या एका ओळीवर नजर अडकून, मला पहिल्यांदा ते नाव दिसले. नावाचा दुसरा शब्द अशा शेकडो स्थानकांना लागतो तसलाच होता, बंदर किंवा तळ या अर्थाचा. पहिला शब्द होता ब्रॅडबरी: विज्ञानकथालेखक रे ब्रॅडबरी याचे आडनाव.

चाके खाली सोडायची विसरून मी काही क्षण तशीच तरंगत राहिले.

या नावामागे कोणाची योजना असेल असे मला वाटत नाही. खेळातली आकाशगंगा खऱ्या आकाशगंगेएवढी आहे, तिच्यात सुमारे ४०० अब्ज तारामंडळे आहेत, आणि माणसांची वस्ती असलेला भाग त्यातला अगदी चिमुकला असला तरी तिथल्या हजारो स्थानकांना एकेक करून नाव देणे कोणाही माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यामुळे बहुतेक नावे यादीतून पडतात. अंतराळवीर, शास्त्रज्ञ, दर्यावर्दी, विज्ञानकथालेखक अशा लोकांच्या आडनावांना ठरावीक शब्दांपैकी एखादा जोडला जातो आणि स्थानकाची पाटी तयार होते. एकच आडनाव वेगवेगळ्या ग्रहांवर वेगवेगळे शेपूट लावून पुन्हा पुन्हा भेटते. ज्या गणिताने ब्रॅडबरीचे आडनाव त्या करड्या, निर्वात खडकावर टाकले, त्या गणिताने त्याची एक ओळही वाचलेली नाही.

तरीही आडनावांची यादी करणे हे माणसाचेच काम आहे, आणि या खेळाच्या घराण्याचा इतिहास पाहिला तर ते काम मला लहान वाटत नाही. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ साली एलीट हा मूळ खेळ बीबीसी मायक्रो या संगणकासाठी तयार केला, तेव्हा सगळ्या संगणकाची स्मृती ३२ किलोबाइट होती. तेवढ्यात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. इतकी नावे साठवायला जागाच नव्हती, म्हणून अक्षरांच्या जोड्या गणिताने एकमेकींना जोडून नावे निर्माण केली गेली: लेव्ह, डिसो, लीस्टी, झाओन्स. ऐकायला ती नावे गोड आहेत, जुन्या खेळाडूंना ती गावाच्या नावांसारखी प्रिय आहेत, पण त्यांच्या पाठीमागे कोणी उभे नव्हते. २०१४ च्या डिसेंबरमध्ये एलीट डेंजरस आला आणि वर्षभराने ग्रहांवर उतरण्याची सोय झाली, तोवर जागेचा प्रश्न मिटला होता. आता स्थानकांना कोणाचीही नावे देता येत होती, निरर्थक गोड अक्षरेसुद्धा चालली असती. कोणीतरी बसून माणसांची आडनावे लिहिली, आणि त्या माणसांत लेखकांना घेतले. अवकाशात प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांच्या रांगेत, घराबाहेर न पडता तिथे जाऊन आलेल्यांना उभे केले. ही गोष्ट मला मनापासून भावते.

आणि ब्रॅडबरी तर घराबाहेर पडण्याच्या बाबतीत फारच वेगळा माणूस होता. रे ब्रॅडबरी १९२० साली अमेरिकेतल्या वॉकीगन या गावी जन्मला, पुढे कुटुंबाबरोबर लॉस एंजेलिसला आला, आणि मोटारींसाठीच जणू वसवलेल्या त्या शहरात एक्क्याण्णव वर्षांच्या आयुष्यात गाडी चालवायला शिकला नाही. तरुणपणी त्याने रस्त्यावरचा एक भीषण अपघात डोळ्यांनी पाहिला होता. तो चालत जाई, बसने जाई, सायकल वापरी, कोणीतरी सोडायला येई. विमानातही तो उतारवयापर्यंत बसला नाही. ज्याच्या कथांतली माणसे अग्निबाणांतून मंगळावर ये-जा करत, तो स्वतः रेल्वेने प्रवास करत असे. आज त्याच्या नावाच्या तळावर अहोरात्र यानांची वर्दळ असते, कोणीतरी उतरत असते, कोणीतरी उडत असते. मला यात विसंगती दिसत नाही. स्वतः जिथे जाता येत नाही तिथे जाण्याची ओढ ज्याला सगळ्यांत जास्त होती, त्याचेच नाव उतरण्याच्या जागेला शोभते.

त्याच्याशी माझी ओळख वाचनालयात झाली. पुस्तकाचे मुखपृष्ठ गेलेले होते, वर जाड पुठ्ठा चिकटवलेला होता आणि पाठकण्यावर कोणीतरी शाईने आडनाव लिहिले होते. बरीच वर्षे माझ्या लेखी तो लेखक म्हणजे ते हाताने लिहिलेले आडनावच होता. पुढे त्याच्याविषयी वाचले तेव्हा कळले की तोही वाचनालयांनी घडवलेला माणूस होता. शाळा संपल्यावर महाविद्यालयासाठी घरात पैसे नव्हते, म्हणून तो रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रे विकत असे आणि आठवड्यातून तीन दिवस वाचनालयात बसत असे. असे त्याने दहा वर्षे केले आणि आपले शिक्षण तिथेच पुरे झाले असे तो आयुष्यभर सांगत राहिला.

पण मला त्याची जी गोष्ट नेहमी आठवते ती याच्या पुढची आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या घरी लहान मुली होत्या. बाबा घरी आहे म्हटल्यावर त्या लिहू देत नसत, आणि बाहेर खोली भाड्याने घ्यावी इतकी मिळकत नव्हती. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील ग्रंथालयाच्या तळघरात त्याला टाइपरायटरांची एक खोली सापडली. प्रत्येक यंत्राला नाणे टाकायची फट होती. दहा सेंटचे नाणे टाकले की अर्धा तास यंत्र चाले, वेळ भरली की बंद पडे. भोवती विद्यार्थी आपापले निबंध बडवत होते आणि हा माणूस, डोक्यावर घड्याळ टिकटिकत असताना, पुस्तके जाळणाऱ्या समाजाची गोष्ट टाइप करत होता. मधूनच उठून तो वरच्या मजल्यावर जाई, कपाटांमधून फिरे, एखादे पुस्तक काढून चाळे, आणि पुन्हा खाली येऊन नाणे टाके. नऊ दिवसांत पहिला खर्डा पुरा झाला. खर्च आला नऊ डॉलर ऐंशी सेंट, म्हणजे अठ्ठ्याण्णव नाणी, एकोणपन्नास तास. वर हजारो पुस्तके सुखरूप उभी आहेत आणि त्यांच्या पायाशी, तळघरात, ती जळाली तर काय होईल हे एक माणूस नाण्यामागून नाणे टाकून लिहितो आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

म्हणूनच त्या पहिल्या वेळी, पॅडवर तरंगत असताना, कोपऱ्यातले दहा मिनिटांचे घड्याळ मला वेगळेच दिसू लागले. खेळात ते घड्याळ प्रत्येक स्थानकावर लागते. वेळेत उतरला नाहीत तर परवानगी रद्द होते आणि पुन्हा मागावी लागते. शेकडो वेळा मी ते पाहिले होते. त्या रात्री मात्र ते मला नाणे टाकल्यावर सुरू झालेल्या घड्याळासारखे वाटले. मी चाके सोडली, यान सपाट केले, आणि इतक्या हळू खाली आणले की पॅडला टेकल्याचा आवाज एरवीपेक्षा मऊ आला. पॅड यानासकट खाली सरकला, हँगरचे दिवे वर सरकत गेले. जमिनीखाली नेणारा तो प्रवास मी एरवी घाईघाईने खिडक्या उघडून बाजारभाव बघण्यात घालवते. त्या दिवशी तो नुसता पाहिला.

ब्रॅडबरीने रंगवलेला मंगळ चुकीचा होता, हे इथे सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागांचे मोल कळणार नाही. १९५० साली त्याच्या मंगळकथा पुस्तकरूपाने आल्या. त्यांत कालवे होते, काचेची गावे होती, विरळ का होईना पण श्वास घेता येईल अशी हवा होती. पंधरा वर्षांनी, १९६५ च्या जुलैमध्ये, मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले आणि त्याने बावीस छायाचित्रे पाठवली. त्यांत कालवे नव्हते. चंद्रासारखी विवरे होती. पाठोपाठ कळले की तिथली हवा इतकी विरळ आहे की माणूस क्षणभरही उघड्यावर उभा राहू शकणार नाही. एका लेखकाचा अख्खा ग्रह काही दिवसांत रद्द झाला. तरीही १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये, मरिनर ९ मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरण्याच्या बेतात असताना, शास्त्रज्ञांनी जी जाहीर चर्चा भरवली तिला खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांच्याबरोबर ब्रॅडबरीलाही बोलावले, आणि त्याने तिथे आपली कविता वाचली. ज्यांच्या यंत्रांनी त्याचा मंगळ पुसला, तेच त्याला आपल्यात बसवून घेत होते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी ज्या मंगळाकडे पाहून हा व्यवसाय धरला, तो मंगळ अशाच कथांमधला होता.

पुढे ज्या घटना घडल्या त्यांच्या तारखा मी पुन्हा पुन्हा पडताळून पाहिल्या आहेत, कारण त्या जुळवून आणल्यासारख्या वाटतात. ब्रॅडबरी ५ जून २०१२ रोजी वारला. त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, क्युरिऑसिटी ही सुमारे नऊशे किलो वजनाची गाडी मंगळावरच्या गेल विवरात उतरली. अग्निबाणांवर तरंगणाऱ्या एका पाळण्याने तिला दोरांनी खाली सोडले, आणि त्या झोतांनी गाडीच्या दोन्ही बाजूंची माती उडून खालचा खडक उघडा पडला. २२ ऑगस्टला, ब्रॅडबरीच्या ब्याण्णवाव्या जन्मदिनी, नासाने त्या जागेला ब्रॅडबरी लँडिंग हे नाव दिल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी गाडीने चाके पहिल्यांदा फिरवली. ती साधारण साडेचार मीटर पुढे गेली, जागेवर १२० अंशांत वळली, अडीच मीटर मागे आली, आणि मग आपल्याच चाकोऱ्यांचे छायाचित्र काढून तिने पृथ्वीवर पाठवले. ज्याने आयुष्यात गाडी चालवली नाही, त्याच्या वाढदिवशी, त्याच्या नावाच्या जमिनीवर, दुसऱ्या ग्रहावरची एक गाडी पहिले पाऊल टाकत होती.

ते छायाचित्र मी खूप वेळ पाहते. तांबूस खडी, तिच्यावर उमटलेल्या दोन समांतर चाकोऱ्या, आणि वळणाच्या ठिकाणी चिरडून गुळगुळीत झालेली माती. त्या जागी पाटी नाही, दिवा नाही, कोणी राहत नाही. गाडी तिथून निघाली ती कायमची. आज ती विवराच्या मध्यभागी असलेल्या डोंगरावर बरीच वर चढून गेली आहे. चाकोऱ्या वाऱ्याने केव्हाच बुजल्या असतील.

नंतरही असेच घडले. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी पर्सीव्हरन्स ही गाडी जेझिरो विवरात उतरली आणि त्या जागेला ऑक्टेव्हिया बटलर या लेखिकेचे नाव देण्यात आले. बटलर ज्या पॅसडीना शहरात जन्मली, त्याच परिसरातल्या प्रयोगशाळेत या गाड्या तयार होतात. तिच्या घरची गरिबी, आईने दुसऱ्यांच्या घरी केलेली कामे, पहाटे उठून लिहायची तिची सवय, हे सगळे मला ठाऊक होते. पण बटलरही गाडी चालवत नसे आणि आयुष्यभर बसनेच फिरली, हे मला नाव जाहीर झाल्यानंतरच्या दिवसांत समजले. मंगळावर गाड्यांच्या उतरण्याच्या दोन जागा दोन लेखकांच्या नावाने ओळखल्या जातात, आणि त्या दोघांपैकी कोणीही गाडी चालवत नव्हते.

आता खेळातल्या स्थानकाकडे परत येते. खेळातले वर्ष आपल्या वर्षाच्या १२८६ वर्षे पुढे चालते. २०१४ साली तिथे ३३०० साल सुरू होते. म्हणजे ज्या काळात मी त्या पॅडवर उतरते, त्या काळी ब्रॅडबरीला जाऊन जवळजवळ तेराशे वर्षे झालेली असतात. आधी मला हे फारच अशक्य वाटले. तेराशे वर्षांनी कथालेखकाचे नाव कोण लक्षात ठेवणार? मग बुधाचा नकाशा आठवला. बुधावरच्या विवरांना लेखक, कवी, चित्रकार आणि संगीतकार यांची नावे देण्याची आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची पद्धत आहे. ज्याचे नाव द्यायचे त्याची कीर्ती पन्नास वर्षांहून जुनी असावी आणि त्याला जाऊन निदान तीन वर्षे झालेली असावीत असा नियम आहे. त्या नकाशावर वाल्मीकी आहेत, व्यास आहेत, सूरदास आणि त्यागराज आहेत, आणि कालिदास आहे. कालिदासाला होऊन सुमारे दीड हजार वर्षे झाली. एका ढगाकडे पाहून त्याला दूर देशी निरोप न्यायला सांगणाऱ्या कवीचे नाव, जिथे ढगच नाहीत अशा ग्रहावर, एका खऱ्या नकाशात छापलेले आहे. तेव्हा खेळ रचणाऱ्यांनी तेराशे वर्षांनंतरही एका लेखकाचे आडनाव टिकेल असे धरून चालणे ही काही भाबडी कल्पना नाही. तसे याआधी झालेले आहे.

टिकते ते काय, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. २०२१ च्या मे महिन्यात यानातून उतरून स्थानकाच्या आत पायी फिरण्याची सोय झाली, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात त्या ग्रहावर गेले. मनात एक आशा होती, आज सांगायला संकोच वाटत नाही: कुठेतरी एखादे चित्र असेल, एखादी ओळ कोरलेली असेल, निदान एक कपाट पुस्तके असतील. उद्वाहकातून बाहेर आले. समोर तोच दालनाचा आराखडा होता जो इतर सगळीकडे असतो: कामांची यादी दाखवणारे फलक, पोशाख आणि हत्यारांचे दुकान, यानांचे दुकान, प्रवासी भाड्याने ने-आण करणाऱ्यांची खिडकी, आणि एक बार. बारपाशी उभी असलेली माणसे आपसात काही पुटपुटत होती. भिंतींवर जाहिराती होत्या. मी प्रत्येक कोपरा पाहिला, बंद दारांजवळही जाऊन आले. त्या माणसाचे त्या इमारतीत आडनावाखेरीज काहीही नव्हते.

मला वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे खरे होते. पण नंतर विचार करताना वाटले की मंगळावर तरी काय आहे? तिथेही आडनावच आहे, आणि तेही जमिनीवर नाही, नकाशावर आहे. बुधावरच्या कालिदासाचेही तेच. नाव देणारा फक्त दार दाखवतो. आतली खोली ज्याची त्याने वाचून बांधायची असते. माझ्या आधी आणि माझ्या नंतर त्या पॅडवर उतरणाऱ्या कोणाला ते आडनाव निव्वळ दोन आवाज असतील, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. मला ते आडनाव पुठ्ठ्याच्या पाठकण्यावरची शाई आहे, तळघरातले घड्याळ आहे, आणि चुकलेला पण सुंदर मंगळ आहे. गणिताने चिठ्ठी काढली असली तरी तिच्यावर काय लिहिले आहे हे मी ओळखू शकले, आणि तेवढ्यापुरते ते स्थानक खरोखर त्याचे झाले.

काही वेळा मात्र चिठ्ठी निघायची वाट पाहिली जात नाही. कल्पनारम्य विनोदी कादंबऱ्यांचा लेखक टेरी प्रॅचेट १२ मार्च २०१५ रोजी गेला तेव्हा खेळाडूंनीच मागणी केली की त्याच्या नावाचे एक स्थानक असावे, आणि प्रॅचेट्स डिस्क या नावाचे स्थानक आकाशगंगेत आले. ते कक्षेत फिरणारे आहे, जमिनीवरचे नाही. तिथे जाताना वेगळे वाटते. तिथे येणाऱ्यातले बरेच जण मुद्दाम आलेले असतात, कामासाठी नाही. मला ते स्थानक फार आवडते, तिथले नाव प्रेमाने मागून घेतलेले आहे. तरीही माझी ओढ त्या दुसऱ्या, कोणी न मागितलेल्या स्थानकाकडे जास्त आहे. प्रॅचेटला तिथे वाचक आधीपासून मिळालेले आहेत. ब्रॅडबरीच्या तळावर, त्याला ओळखणारे कोणी आले तर येते.

नकाशात जागेला खूण करून तिला आपले नाव देता येते. मी त्या तळाला खूण केली आहे आणि माल नसला तरी अधूनमधून तिकडे जाते. ग्रह स्वतःभोवती फिरत असल्यामुळे कधी तिथे दिवस असतो, कधी रात्र. हवा नसल्याने दिवसाही आकाश काळेच राहते आणि तारे दिसेनासे होत नाहीत. मला रात्री उतरायला आवडते. दिव्यांचा पुंजका दिसण्याआधीचा एक क्षण असा असतो की खाली नुसता काळोख असतो आणि नावाच्या पाटीवर भरवसा ठेवून यान खाली न्यावे लागते.

मागे एकदा अशीच उतरले तेव्हा शेजारच्या पॅडवर दुसऱ्या खेळाडूचे यान उभे होते. त्या आडबाजूच्या ग्रहावर हे क्वचित घडते. त्याने संदेश पाठवून नमस्कार केला, मीही केला, आणि मग कुठे चाललात, काय भरले आहे, अशी नेहमीची विचारपूस झाली. बोलता बोलता मी लिहून गेले की मला हे स्थानक नावासाठी आवडते. थोडा वेळ उत्तर आले नाही. मग त्याने विचारले, हा ब्रॅडबरी कोण, पायलट होता का? इथली पुष्कळ नावे अंतराळवीरांची असतात, म्हणून त्याने तसे विचारले असावे.

मी लिहिले की नाही, लेखक होता. त्याला साधी गाडीसुद्धा चालवता येत नसे, आणि मंगळावर एक गाडी जिथे उतरली त्या जागेला त्याचे नाव आहे. पुन्हा काही वेळ शांतता होती. तो निघून गेला असेल असे वाटून मी काचेतून पाहिले. त्याचे यान अजून पॅडवरच होते, इंजिने बंद, पुढचे दिवे लावलेले. मग संदेश आला: त्याचे पहिले कोणते वाचू?